अभ्यासिकेच्या संगणकाला नवा गाभा

आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत एक संगणक आहे. एका कचेरीने आपली जुनी यंत्रे लिलावात काढली, तेव्हा घरटी वर्गणी गोळा करून २०२३ साली आम्ही तो आणला. डबा पिवळट पडलेला, पंख्याची घरघर बाहेरच्या ओट्यापर्यंत ऐकू येणारी, चार जीबी स्मरणशक्ती. पण सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी राहत नाही. कुणी स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरतो, कुणी शिष्यवृत्तीचा, कुणी नोकरीचा. दुपारी मुले नसतात, तेव्हा तिथे आणखी एक काम चालते. वस्तीतल्या वयस्कर बाया येऊन बसतात आणि आपली हकीकत सांगतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेले, सुकडीसाठी रांगेत किती वेळ उभे राहावे लागे, मुलाला झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवून पाटी कशी उचलली. बारावीतल्या दोन मुली ते ऐकतात आणि टाइप करतात. अशा सव्वीस बायांच्या आठवणी त्या संगणकात आहेत. त्यांतल्या दोघी आज हयात नाहीत.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की २०२५ च्या जून महिन्यात एका रात्री हा संगणक आमच्याच हातून बंद पडला. आणि त्या सव्वीस जणींच्या आठवणींची दुसरी प्रत आमच्याजवळ नव्हती.

दोष कुणाचा, दुरुस्ती कशी झाली आणि त्यातून काय शिकायला मिळाले, ते वाचक बंधुभगिनींपुढे मांडावे म्हणून हा लेख. ज्यांच्या घरी, शाळेत किंवा मंडळात जुना संगणक आहे त्यांना त्याचा उपयोग होईल.

गाभा म्हणजे काय?

या संगणकावर विंडोज नाही, लिनक्स आहे. कारण साधे आहे. आमचे यंत्र जुने, विंडोज ११ त्याला स्वीकारत नाही. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, हे मायक्रोसॉफ्टने आधीच जाहीर केले होते आणि त्याप्रमाणे ती थांबली. यंत्र धडधाकट, पण त्याला आधार नाही, अशी अवस्था. तेव्हा वस्तीतल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्यावर डेबियन नावाची लिनक्सची आवृत्ती, तिची बारावी पिढी, बसवून दिली. परवान्याचा एक पैसा लागला नाही. आता तो मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो.

लिनक्स हे नाव आपण सरसकट वापरतो, पण नेमके बोलायचे तर लिनक्स म्हणजे फक्त आतला गाभा. इंग्रजीत त्याला कर्नल म्हणतात. हा लष्करातला कर्नल नव्हे. हा दाण्याच्या आतला गर. शेंग फोडली की आत दाणा निघतो, तसा. गंमत म्हणजे, माणूस जिथे आज्ञा टाइप करतो त्या बाहेरच्या भागाला संगणकाच्या भाषेत शेल, म्हणजे टरफल, असेच नाव आहे. टरफलाशी आपण बोलतो, काम गाभा करतो. कळफलकावर बोट पडले, तर ते अक्षर कोणत्या प्रोग्रामला द्यायचे. दोन प्रोग्राम एकदम चालू असले, तर कुणाला किती वेळ आणि किती स्मरणशक्ती द्यायची. छपाईयंत्राशी, माउसशी, वाय-फायशी कोणत्या भाषेत बोलायचे. कुणाला कोणती फाईल उघडू द्यायची आणि कुणाला नाही, हे सारे गाभा ठरवतो. आम्ही कारकून माणसे, आमच्या भाषेत सांगायचे तर साहेब बदलले तरी कचेरी चालते, पण आवक-जावक सांभाळणारा माणूस एक दिवस आला नाही तर कागद हलत नाही. गाभा म्हणजे तो आवक-जावकवाला.

हा गाभा फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला. त्याच्या घरी ३८६ जातीचा साधा संगणक होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने आपल्या कामाची माहिती इतरांना कळवली आणि सप्टेंबरात पहिला मसुदा खुला केला. तो होता साधारण दहा हजार ओळींचा. १९९२ साली त्याने त्याला जीपीएल परवाना लावला. या परवान्याचा अर्थ असा, की कोणीही हा गाभा वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. मात्र बदलून दुसऱ्याला दिला तर आपला बदलही तसाच खुला ठेवावा. मार्च १९९४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली. आज या गाभ्याच्या ओळी कोटींनी मोजाव्या लागतात. जगभरातले हजारो लोक त्यात भर घालतात. अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात हाच गाभा असतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक महासंगणक यावरच चालतो. पुण्यातल्या सी-डॅकचा परम सिद्धी २०२० साली त्या यादीत आला, तोही त्यातलाच. आमच्या घरघरत्या डब्यातला गाभा आणि परम सिद्धीतला गाभा एकाच कुळातले, हे मुलांना सांगितले तेव्हा त्यांचे डोळे विस्फारले.

चालते आहे, मग बदलायचे कशाला?

आमच्या कार्यकारिणीत हा प्रश्न आला. एक ज्येष्ठ म्हणाले, "अहो, चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?" प्रश्न रास्त होता. त्याला दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर सुरक्षिततेचे. गाभा माणसांनी लिहिलेला आहे, म्हणून त्यात चुका असतात. २०१६ साली 'डर्टी काऊ' नावाने एक चूक उघडकीस आली. तिच्यामुळे साधा वापरकर्ता यंत्राचा पूर्ण मालक होऊ शकत होता. ही चूक २००७ पासून गाभ्यात बसून होती! नऊ वर्षे कुणाच्या ध्यानी आली नाही. २०२२ साली 'डर्टी पाइप' नावाची तशीच दुसरी सापडली. जानेवारी २०१८ मध्ये तर 'मेल्टडाऊन' आणि 'स्पेक्टर' हे दोष जाहीर झाले. ते मुळात प्रोसेसरमधले, पण त्यांच्यावर बंदोबस्त गाभ्यातच करावा लागला. चूक सापडली की दुरुस्ती लगेच निघते आणि ती आपल्यापर्यंत पोहोचते ती गाभ्याच्या नव्या प्रतीच्या रूपाने. ती घेतलीच नाही, तर कुलूप मोडके आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आणि आपण मात्र तेच कुलूप लावून निजलेले. ज्या संगणकावर मुले आधार क्रमांक आणि बँकेचे खाते टाकतात, तिथे हे परवडणारे नाही.

दुसरे उत्तर नव्या यंत्रभागांचे. आमची गरज इथली होती. अभ्यासिकेसाठी आम्ही ब्रॉडबँड घेतले, पण त्याचे यंत्र बसले शेजारच्या खोलीत. तोवर मुले आपल्या मोबाइलचे नेट वायरने संगणकाला जोडत. एका हितचिंतकाने वाय-फायचा बोटभर तुकडा आणून दिला. यूएसबीत घातला, दिवासुद्धा लागला नाही. तपासले तेव्हा आत रिअलटेक कंपनीची ८८२१ सीयू ही चिप निघाली. तिला ओळखणारा भाग गाभ्याच्या ६.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ च्या फेब्रुवारीपासून, आला आहे. आमच्या डेबियन १२ मध्ये होता ६.१. एका पायरीने हुकले!

इथे आमच्या हिशेबी डोक्याचा एक गोंधळ झाला, तो सांगायला हरकत नाही. बारावी पिढीवर राहूनच जास्त नवा गाभा हवा असेल, तर डेबियनचे लोक 'बॅकपोर्ट्स' नावाच्या वेगळ्या भांडारात तो जुळवून ठेवतात. तिथे होता ६.१२. आम्ही म्हटले, सहा पूर्णांक बारा शतांश हा सहा पूर्णांक दोन दशांशापेक्षा लहान, मग उपयोग काय? मुली हसल्या. हे दशांश चिन्ह नव्हे. तो सहाव्या मालिकेतला बारावा अंक आहे. सुमारे नऊ-दहा आठवड्यांनी एक नवा अंक निघतो. ६.१ डिसेंबर २०२२ चा, ६.१२ नोव्हेंबर २०२४ चा. या दोघांनाही दीर्घकाळ देखभाल मिळणार असल्याचे ठरलेले आहे. बी. कॉम. होऊन वीस वर्षे आकडेमोड केली, पण ठिपक्याचा हा अर्थ आम्हाला बारावीच्या मुलीकडून शिकावा लागला.

ती रात्र

जूनची अखेर होती. बाहेर पाऊस लागला होता. दुसऱ्या दिवशी तीन मुलांच्या अर्जांची शेवटची तारीख होती, आणि वाय-फाय सुरू झाले तर सकाळी सगळ्यांची सोय होईल, या घाईने आम्ही रात्री नऊला काम हाती घेतले. हीच पहिली चूक. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री चालत्या यंत्राला हात लावू नये.

टाइप करणाऱ्या मुलींपैकी एक शेजारी उभी होती. तिने विचारले, "काका, बूटच्या कप्प्यात जागा आहे का ते पाहिलं का?"

आम्ही म्हणालो, "अगं, डिस्क अर्धी रिकामी आहे. तू घरी जा, उशीर झालाय."

ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. ती काही बोलली नाही. पण गेलीही नाही.

संगणक सुरू होताना गाभा जिथून उचलला जातो, त्या जागेला 'बूट' म्हणतात. आमच्या यंत्रात या बूटचा वेगळा लहान कप्पा होता, सुमारे पाचशे एमबीचा. डिस्क कितीही मोकळी असली, तरी या कप्प्याला तिचा उपयोग नाही. नवा गाभा आला की जुना आपोआप पुसला जात नाही. अडीनडीला असावा म्हणून राहतो. हे चांगलेच आहे. पण दोन वर्षांत सुधारित प्रती येत गेल्या, आम्ही त्या घेत गेलो आणि जुने काढलेच नाहीत. कप्प्यात चार संच साठले होते.

प्रत्येक संचात दोन मुख्य फायली असतात. एक खुद्द गाभा. दुसरी म्हणजे गाभ्याची शिदोरी. गाभा जागा होतो तेव्हा त्याला डिस्क कशी वाचायची हेसुद्धा ठाऊक नसते. त्यासाठी लागणारी सुरुवातीची साधने या शिदोरीत बांधलेली असतात. तिला इनिटआरडी म्हणतात, आणि ती गाभ्यापेक्षा कितीतरी मोठी असते.

आज्ञा दिली. मोबाइलच्या नेटवरून नवा गाभा उतरला, कप्प्यात बसला, आणि शिदोरी बांधता बांधता जागा संपली. पडद्यावर इंग्रजीत तसे लिहूनही आले. पण ओळी भराभर वर सरकत होत्या, आणि आम्ही शेवटची ओळ तेवढी वाचली. काहीतरी अडले आहे एवढे कळले. सुरुवातीची यादी नव्याने तयार केली की होईल, असे कुठेतरी ऐकले होते, म्हणून तीही आज्ञा देऊन टाकली. यादीत नवा गाभा पहिल्या नंबरावर आला. आम्ही समाधानाने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे. शेवटच्या ओळीत 'कर्नल पॅनिक'. गाभा जागा झाला, पण शिदोरी नाही म्हणून त्याला डिस्क सापडेना. कळफलक दाबा, माउस हलवा, काही नाही.

खरे सांगतो, त्या क्षणी आम्हाला अर्जांची आठवण झाली नाही. गेल्या वर्षी वारलेल्या त्या आजींचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्यांनी चार दुपारी बसून सगळे सांगितले होते आणि शेवटी विचारले होते, "नीट ठेवलंस ना बाबा?" आम्ही हो म्हणालो होतो.

"काका, खाली जुना आहे"

ती मुलगी पुढे आली. म्हणाली, "काका, बटण दाबून बंद करा. सुरू होताना यादी येईल, तिथे दुसरी ओळ घ्या. खाली जुना आहे की."

सुरुवातीच्या त्या यादीला ग्रब म्हणतात. पाचेक सेकंद दिसते आणि जाते, म्हणून आमचे कधी लक्षच गेले नव्हते. तिच्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' अशी ओळ असते. ती उघडली, तर सगळे जुने गाभे ओळीने उभे. ६.१ चा निवडला. पंखा घरघरला आणि मिनिटभरात नेहमीचा पडदा आला. सव्वीसच्या सव्वीस फायली जागच्या जागी होत्या. गाभा बदलताना आपल्या लेखनाला हात लागतच नाही. तो कप्पा निराळा. जे बिघडले होते ते दार उघडण्याचे काम, घरातले सामान नव्हे. पण हे आम्हाला आधी माहीत असते, तर तो घामही फुटला नसता.

पुढचे काम आम्ही केले नाही. खुर्चीत ती बसली, आम्ही उभे राहिलो. तिने आधी सगळ्या फायली पेनड्राइव्हवर उतरवल्या. मग 'यूनेम' या आज्ञेने आत्ता कोणता गाभा चालू आहे ते पाहिले, कारण चालू गाभा काढायचा नसतो. 'डीएफ' आज्ञेने जागा पाहिली. बूटचा कप्पा शंभर टक्के भरलेला. मग सर्वांत जुने दोन गाभे काढले, चालू असलेला आणि त्याच्या आधीचा ठेवला. जागा झाली. अर्धवट राहिलेले काम पूर्ण करायला सांगितले. या वेळी शिदोरी पूर्ण बांधली गेली. रिअलटेकच्या चिपला लागणारे फर्मवेअरचे पुडकेही तिने तपासून घेतले. रात्री साडेअकराला संगणक पुन्हा सुरू केला. नवा गाभा ६.१२. वाय-फायच्या तुकड्याचा दिवा लुकलुकला आणि ब्रॉडबँडचे नाव यादीत दिसले.

सकाळी तिन्ही अर्ज गेले.

आम्ही तिला विचारले, "तुला हे कुणी शिकवलं?" म्हणाली, "कुणी नाही. इथेच, रात्री मुलं गेल्यावर वाचत बसायचे. आज्ञेपुढे 'मॅन' लिहिलं की तिची सगळी माहिती येते ना." दोन वर्षे ती आमच्या डोळ्यांसमोर शिकत होती, आणि आम्ही तिला फक्त टाइप करणारी मुलगी समजत होतो. समाजकार्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला ही गोष्ट टोचली पाहिजे. टोचली.

घरी करायचे असेल तर

आमच्या अनुभवातून जे निघाले ते थोडक्यात देतो.

१. आधी आपल्या फायलींची प्रत दुसरीकडे घ्यावी. पेनड्राइव्ह असो, दुसरा संगणक असो. प्रत घेतल्यावर ती उघडून पाहावी.

२. चालू गाभ्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा.

३. बूटचा कप्पा वेगळा असेल, तर त्यातली जागा पाहावी. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची तेरावी पिढी आली. तिच्या सूचनांमध्येही या कप्प्यात पुरेशी मोकळी जागा ठेवण्याबद्दल बजावले आहे, कारण गाभा आणि फर्मवेअर दोन्ही आकाराने वाढत चालले आहेत. तेराव्या पिढीत ६.१२ हाच गाभा मुळातून येतो. मात्र बत्तीस बिटांच्या फार जुन्या यंत्रांसाठी त्या पिढीत गाभा नाही, हेही ध्यानात ठेवावे.

४. किमान एक चालता जुना गाभा कायम ठेवावा. नव्यावर आठवडाभर काम होईपर्यंत जुन्याला निरोप देऊ नये.

५. गाभ्याबाहेरून बसवलेले भाग, उदाहरणार्थ काही ग्राफिक कार्डांचे किंवा वाय-फायचे कंपनीचे ड्रायव्हर, प्रत्येक नव्या गाभ्यासाठी नव्याने जुळवावे लागतात. त्यासाठी त्या गाभ्याचे 'हेडर' नावाचे पुडके सोबत घ्यावे. फार जुने ड्रायव्हर नव्या गाभ्याशी जुळत नाहीत, हे आधी पाहून घ्यावे.

६. पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचावी. इंग्रजी कळत नसेल तर ज्याला कळते त्याला बोलवावे. तो वयाने लहान असला तरी चालेल.

७. वीज जाण्याचा संभव असेल, किंवा दुसऱ्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख असेल, तर काम पुढे ढकलावे.

शेवटी एक

आता संगणकाशेजारी दोरीने बांधलेली एक वही आहे. तीत तारीख, कोणता गाभा घातला, कोणता काढला, प्रत कुठे ठेवली आणि कुणी केले, असे पाच रकाने आखले आहेत. रकाने आम्ही आखले. तेवढे आम्हाला जमते. शेवटच्या रकान्यात आतापर्यंत बहुतेक वेळा त्या मुलीची सही आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आणखी चौघा मुलांना हे काम दाखवते, म्हणजे ती पुढच्या शिक्षणाला बाहेर गेली तरी अडायला नको.

आठवणींच्या फायलींच्या आता तीन प्रती आहेत. एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर, आणि एक कागदावर छापून बांधलेली. छापील प्रत पाहायला एका दुपारी सगळ्या बाया आल्या होत्या. वारलेल्या त्या आजींची सूनही आली होती. तिने पान उघडले, सासूचे नाव शोधले आणि बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "दादा, आमच्या घरीपण एक प्रत द्या."

ती दिली आहे.